हळदीचा रंग कोणी सांभाळायचा?

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची आवक वाढली की अडत दुकानांतल्या संगणकांकडे एरवी कोणी देत नाही एवढे लक्ष दिले जाते. वर्षभर हिशेबापुरते चालणारे यंत्र या दिवसांत नमुना दाखवण्याच्या कामाला लागते, कारण बाहेरगावच्या खरेदीदाराला आपला माणूस सौद्याला पाठवण्याआधी माल एकदा नजरेखालून घालायचा असतो, आणि राजापुरी हळदीच्या बाबतीत नजरेखालून घालणे म्हणजे हळकुंड मोडून त्याचा आतला रंग पाहणे. अशा काही दुकानांचे संगणक सांभाळण्याचे काम मी करते. त्यांपैकी एका दुकानात जुन्या यंत्रावर विंडोजऐवजी लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम चालते, त्याला एक बराच जुना वेबकॅम जोडलेला आहे, आणि ओळखीतल्या एका मुलाने लिहिलेला छोटा प्रोग्रॅम त्या कॅमेऱ्याचे चित्रण लॉटच्या क्रमांकासह साठवून ठेवतो. हंगामाच्या तोंडावर हा प्रोग्रॅम सुरू केला तेव्हा पडद्यावर मोडलेले हळकुंड स्वच्छ आकाशी रंगाचे दिसले. दुकानाचे मालक आप्पा चष्मा वर करून पडद्याजवळ गेले आणि म्हणाले, “अहो मॅडम, ही हळद आहे की नीळ? हा रंग बघून बोली कोण लावणार?”

कॅमेरा बिघडला असे पाहणाऱ्या सगळ्यांचे मत झाले. मात्र चित्र नीट पाहिले तर बिघाडाची खूण त्यात कुठेच नव्हती. चुन्याची भिंत पांढरीच दिसत होती, वजनकाट्याचा काळा खांब काळाच होता, हळकुंडावरच्या सुरकुत्या आणि सावल्या जिथल्या तिथे होत्या. दारात उभ्या असलेल्या हमालाचा लाल गमछा मात्र निळा झाला होता आणि आप्पांच्या चेहऱ्यावर निळसर छटा आली होती. उजेड-अंधार जसाच्या तसा, पांढरे-काळे शाबूत आणि फक्त रंगांची अदलाबदल, असे दिसले की कॅमेऱ्याने पाठवलेले आकडे बरोबर आहेत आणि ते वाचणाऱ्याने क्रम उलटा धरला आहे, एवढे खात्रीने सांगता येते.

हे आकडे कसे मांडलेले असतात ते थोडे सविस्तर सांगणे भाग आहे. वेबकॅम सहसा लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे आकडे पाठवत नाही. तो प्रत्येक बिंदूची उजळता वेगळी पाठवतो, आणि रंगाची माहिती देणारे दोन आकडे शेजारच्या दोन बिंदूंमध्ये मिळून एकदाच पाठवतो, कारण माणसाचा डोळा उजळतेतला फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातला टिपत नाही. म्हणजे दोन बिंदूंना मिळून चार बाइट लागतात: पहिल्याची उजळता, एक रंग-आकडा, दुसऱ्याची उजळता, दुसरा रंग-आकडा. या मांडणीला ‘वाययूवायव्ही’ म्हणतात. काही कॅमेरे हेच दोन रंग-आकडे उलट क्रमाने पाठवतात, तेव्हा तिला ‘वायव्हीवाययू’ म्हणतात. पांढऱ्या, काळ्या आणि करड्या रंगांत हे दोन्ही आकडे मधोमध, म्हणजे १२८च्या आसपास असतात, त्यामुळे अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. हळदीचा पिवळा हा मात्र असा रंग आहे की त्यात एक आकडा तळाला जातो आणि दुसरा मध्याच्या वर चढतो. त्यांची जागा बदलली की पिवळ्याचे आकाशी होणे ठरलेलेच असते.

प्रोग्रॅम उघडून पाहिल्यावर कारण लगेच सापडले. लिनक्समध्ये कॅमेऱ्याशी बोलण्याची जी पद्धत आहे, जिला ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ची दुसरी आवृत्ती म्हणतात, तिच्यात प्रोग्रॅमने आधी हवा तो फॉरमॅट, म्हणजे आकड्यांची मांडणी, मागायचा असतो. ड्रायव्हर, म्हणजे कॅमेऱ्याशी प्रत्यक्ष बोलणारा ऑपरेटिंग सिस्टीमचा भाग, त्यावर थेट नकार न देता मागणीच्या कागदावरच दुरुस्ती करून तो परत देतो, की तुम्ही अमुक मागितले, मी तमुक देऊ शकतो. परत आलेला कागद वाचणे ही मागणाऱ्याची जबाबदारी असते. आमच्या प्रोग्रॅमने वाययूवायव्ही मागितले होते, ड्रायव्हरने चार अक्षरांच्या सांकेतिक नावात वायव्हीवाययू असे स्पष्ट लिहून दिले होते, आणि प्रोग्रॅमने ते उत्तर न वाचताच पुढचे काम सुरू केले होते. दुरुस्ती किरकोळ होती आणि ती त्या मुलाने माझ्यासमोरच केली, पण करता करता त्याने जो प्रश्न विचारला तो किरकोळ नव्हता. तो म्हणाला, “ताई, कॅमेरा ड्रायव्हरचा, त्याची खोड ड्रायव्हरला माहीत, मग ड्रायव्हरनेच रंग सरळ करून का देऊ नयेत? प्रत्येक प्रोग्रॅमने हीच उठाठेव करायची का?”

हा प्रश्न लिनक्सच्या जगात बरीच वर्षे खऱ्याखुऱ्या भांडणांचा विषय होता, आणि त्याचे उत्तर समजून घ्यायचे तर मुळात इतके फॉरमॅट आले कुठून, तेथून सुरुवात करावी लागते. त्यात कंपन्यांचा हेकेखोरपणा आहेच, पण मोठा भाग साध्या गुणाकाराचा आहे. यूएसबीच्या जुन्या १.१ पिढीत अशा चित्रणाला दर सहस्रांश सेकंदाला जास्तीत जास्त १०२३ बाइट मिळत, म्हणजे सेकंदाला साधारण दहा लाख बाइट. ६४० गुणिले ४८० बिंदूंची एक फ्रेम वाययूवायव्हीमध्ये ६,१४,४०० बाइटची होते. त्या तारेतून सेकंदाला दोन फ्रेमही जात नाहीत. त्यामुळे त्या काळच्या प्रत्येक चिप बनवणाऱ्याने चित्र दाबून कमी बाइटमध्ये बसवण्याची आपापली रीत शोधली, ती स्वतःपाशी ठेवली आणि ती उलगडणारे सॉफ्टवेअर फक्त विंडोजसाठी कॅमेऱ्याच्या खोक्यात दिले. यूएसबी २.० आल्यावर जागा वाढली, तरी एका प्रवाहाला मिळणारी मर्यादा सेकंदाला सुमारे २.४५ कोटी बाइटची राहिली. १२८० गुणिले ७२० ची न दाबलेली फ्रेम १८,४३,२०० बाइटची असते. अशा तीस फ्रेम पाठवायच्या तर साडेपाच कोटी बाइट लागतात. म्हणूनच आजही अनेक वेबकॅमच्या यादीत या आकाराच्या न दाबलेल्या चित्रापुढे सेकंदाला दहाच फ्रेम लिहिलेल्या असतात, आणि तीस हव्या असतील तर एमजेपेग, म्हणजे प्रत्येक फ्रेमचा वेगळा जेपेग, घ्यावा लागतो. त्यातही गंमत अशी की बरेच कॅमेरे जेपेग उलगडण्यासाठी लागणारा संकेतांचा तक्ता, ज्याला हफमन तक्ता म्हणतात, पाठवतच नाहीत. तो प्रमाण तक्ता समोरच्याकडे असेलच असे गृहीत धरतात. अशी फ्रेम जशीच्या तशी फाईलमध्ये ठेवली तर चित्रे दाखवणारा साधा प्रोग्रॅम ती उघडताना अडतो.

आता हे सगळे उलगडण्याचे काम ड्रायव्हरने, म्हणजे कर्नल या ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याच्या आत, का करू नये? कर्नलमधली चूक त्या एका प्रोग्रॅमपुरती राहत नाही, सगळे यंत्र बसते, हे पहिले कारण सर्वांनाच ठाऊक असते. तारेतून येणारा जेपेग अर्धवट किंवा बिघडलेला असू शकतो, कोणी मुद्दाम बिघडवलेलाही असू शकतो, आणि अशा अविश्वासू माहितीचा अर्थ लावणारा किचकट कोड सर्वाधिकार असलेल्या जागी ठेवणे शहाणपणाचे नाही. शिवाय अपूर्णांकी आकडेमोड कर्नलमध्ये सहजासहजी करता येत नाही, आणि प्रोसेसरच्या ज्या खास सूचनांमुळे रूपांतर वेगाने होते त्या वापरायच्या तर वेगळी तजवीज करावी लागते. माझ्या मते मात्र सर्वांत वजनदार कारण यांपैकी एकही नाही. कोणाला काय हवे आहे हे ड्रायव्हरला माहीत नसते, हे ते कारण. आप्पांच्या दुकानातल्या प्रोग्रॅमला चित्र दाखवायचे आहे, त्याला उलगडलेले रंग हवेत. शेजारच्या गोदामात रात्रभर चित्रण साठवणाऱ्या प्रोग्रॅमला एमजेपेग जसाच्या तसा डिस्कवर लिहायचा आहे. ड्रायव्हरने तो आधीच उलगडून दिला तर त्या बिचाऱ्याला तो पुन्हा दाबावा लागेल, त्यात प्रोसेसर खर्ची पडेल आणि चित्राचा दर्जाही घसरेल. सौद्याच्या दिवशी हमाल पोत्यावरची खूण वाचून ते योग्य थप्पीला लावतो, आतली हळद पॉलिश करायला बसत नाही. ड्रायव्हरकडून अपेक्षा आहे ती एवढीच, पण खूण मात्र अचूक वाचली आणि सांगितली गेली पाहिजे.

या तत्त्वाचे चटके वापरणाऱ्यांना बसले, हेही तितकेच खरे आहे. फिलिप्सच्या चिपवर चालणाऱ्या वेबकॅमसाठी ‘पीडब्ल्यूसी’ नावाचा ड्रायव्हर होता. दाबलेले चित्र उलगडण्याची रीत कंपनीशी झालेल्या गोपनीयतेच्या कराराखाली असल्यामुळे तो भाग मूळ कोडशिवाय, वेगळ्या बंद मॉड्यूलच्या रूपात मिळे, आणि ते मॉड्यूल अडकवण्यासाठी खुल्या ड्रायव्हरमध्ये एक हूक ठेवलेला होता. बंद मॉड्यूल नसेल तर १६० गुणिले १२० एवढ्या तळहाताएवढ्या चित्रावर समाधान मानावे लागे. २००४ साली कर्नल सांभाळणाऱ्यांपैकी एक, ग्रेग क्रोआ-हार्टमन, यांनी तो हूक कर्नलमधून काढून टाकला, मूळ लेखकाने आपला ड्रायव्हरच मागे घेण्याची मागणी केली, आणि काही काळ हजारो लोकांचे चालते कॅमेरे अधांतरी राहिले. पुढे ल्यूक साय्यार यांनी उलगडण्याची रीत स्वतंत्रपणे शोधून काढून ड्रायव्हर पुन्हा उभा केला. तो उलगडणारा कोड अजूनही कर्नलमध्येच आहे. नियमाला असे जुने अपवाद राहतातच, आणि चालत्या गाड्याला खीळ घालण्यापेक्षा ते राहू दिलेले बरे.

खरा तोडगा २००८ मध्ये आला, आणि तो एकाच वेळी दोन बाजूंनी आला. जुन्या, ज्याच्या त्याच्या रीतीने चालणाऱ्या असंख्य वेबकॅमसाठी मिशेल झार यांनी वर्षानुवर्षे सांभाळलेला ‘जीएसपीसीए’ हा ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर होता आणि तो आतल्या आत उलगडण्याचे कामही करत असे. झाँ-फ्रांस्वा म्वान यांनी तो नव्याने लिहिला, उलगडण्याचा भाग काढून टाकला, आणि मगच तो २.६.२७ या आवृत्तीत कर्नलमध्ये घेतला गेला. काढून टाकलेला भाग वाऱ्यावर सोडला गेला नाही. हान्स द खूडे यांनी ‘लिबव्हीफोरएल’ ही लायब्ररी, म्हणजे इतर प्रोग्रॅमना वापरता येणारा तयार कोड, लिहिली, जी ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये बसते, कॅमेऱ्याचा विचित्र फॉरमॅट घेते आणि प्रोग्रॅमला नेहमीच्या चार-पाच फॉरमॅटपैकी हवा तो देते. ज्या प्रोग्रॅमचा कोड हाती नाही अशांसाठीही तिच्यात सोय आहे. प्रोग्रॅम सुरू करण्याआधी ही लायब्ररी त्याच्या पुढ्यात बसवली की प्रोग्रॅमने कॅमेऱ्याकडे केलेली प्रत्येक हाक आधी तिच्या हाती पडते. स्काइप लिनक्सवर जुन्याच पद्धतीने कॅमेरा मागत असे, तेव्हा असंख्य लोकांनी याच युक्तीने तो चालवला. काही लॅपटॉपमध्ये कॅमेरा उलटा बसवलेला असतो हे कळल्यावर त्या मॉडेलांची यादीच या लायब्ररीत घातली गेली, आणि त्या यंत्रांवर ती चित्र मुकाट्याने सरळ करून देते. ही यादी कर्नलमध्ये ठेवायला कोणी तयार झाले असते असे मला वाटत नाही.

त्याच वर्षी, आदल्याच आवृत्तीत, लॉरें पिंशार यांचा ‘यूव्हीसी’ ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. यूव्हीसी हे वेबकॅमचे सामायिक प्रमाण २००३ मध्ये ठरले होते, आणि ते पाळणाऱ्या कॅमेऱ्याला वेगळ्या ड्रायव्हरची गरज उरत नाही. आज बाजारातून आणलेला वेबकॅम जोडताक्षणी चालतो तो या प्रमाणामुळे. पण त्यामुळे एक नवा आळसही शिरला. नव्या प्रोग्रॅमांनी, विशेषतः ब्राउझरांनी, यूव्हीसीत नेहमी दिसणारे मोजके फॉरमॅट स्वतःच उलगडायला सुरुवात केली आणि मधल्या लायब्ररीला बाजूला ठेवले. २०२० च्या टाळेबंदीत लोकांनी माळ्यावरचे जुने वेबकॅम काढले तेव्हा याचा फटका दिसला. विश्रामबागेतल्या एका घरात मुलांच्या शिकवणीसाठी असाच कॅमेरा लावला होता. कॅमेरा तपासण्याच्या साध्या प्रोग्रॅममध्ये त्याचे चित्र व्यवस्थित दिसे, कारण तो प्रोग्रॅम मधल्या लायब्ररीतून जाई, आणि ब्राउझरमधल्या वर्गात मात्र काळी चौकट येई. त्या घरातल्या आजींना मी कितीही समजावले तरी एकाच यंत्रावर एका खिडकीत दिसणारा नातू दुसऱ्या खिडकीत का दिसत नाही, हे त्यांना पटले नाही, आणि खरे तर ते पटण्यासारखे नव्हतेच.

सगळे काम ऑपरेटिंग सिस्टीमने स्वतःकडे घेतले तर काय होते, याचेही उदाहरण आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये विंडोज १० च्या मोठ्या सुधारणेत मायक्रोसॉफ्टने कॅमेरा आणि प्रोग्रॅम यांच्या मध्ये एक सेवा बसवली, जेणेकरून एकच कॅमेरा अनेक प्रोग्रॅमना एकाच वेळी वापरता यावा. हेतू चांगला होता. प्रत्येकाने तोच एमजेपेग वेगवेगळा उलगडण्यापेक्षा एकदाच उलगडून सर्वांना वाटावा, हा विचारही योग्य होता. पण त्याबरोबर दाबलेले चित्र जसेच्या तसे मागण्याची वाटच बंद झाली, आणि ती वाट वापरणारे प्रोग्रॅम ठिकठिकाणी गोठले. ओरड झाल्यावर ती वाट पुन्हा उघडावी लागली.

म्हणून त्या मुलाला मी जे उत्तर दिले त्याला दोन टोके आहेत, आणि मला ती दोन्ही सारखीच महत्त्वाची वाटतात. ड्रायव्हरने रंग बदलू नयेत, कॅमेऱ्याने दिले तेच द्यावे आणि त्याचे नाव खरे सांगावे. पण याचा अर्थ हे काम प्रत्येक प्रोग्रॅमने आपापले पाहून घ्यावे असा कोणी लावत असेल तर ते चुकीचे आहे. ‘हे कर्नलचे काम नव्हे’ एवढे म्हणून हात झटकणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या बरोबर असूनही आप्पांच्या पडद्यावरची हळद त्याने पिवळी होत नाही. काम कर्नलबाहेर न्यायचे असेल तर बाहेर एक सर्वांनी वापरावी अशी जागा तयार करून द्यावी लागते, तिथे दाबलेले चित्र तसेच नेण्याची मुभाही ठेवावी लागते, आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तिथून जाण्याची सवय लावावी लागते. हे तिसरे काम कोड लिहिण्यापेक्षा अवघड आहे.

हा प्रश्न यूव्हीसीबरोबर मिटला असे वाटत असतानाच तो गेल्या काही वर्षांत नव्या लॅपटॉपमधून परत आला आहे. अनेक नव्या लॅपटॉपमधला कॅमेरा आता आत यूएसबीने जोडलेला नसतो. त्याचा सेन्सर मोबाइलमधल्या कॅमेऱ्यासारखा थेट प्रोसेसरच्या बाजूला जोडलेला असतो आणि तो चित्र पाठवतच नाही. तो ‘बायर’ जाळी पाठवतो, जिच्यात प्रत्येक बिंदूवर एकाच रंगाची गाळणी असते, निम्मे बिंदू हिरव्याचे आणि पाव-पाव लाल व निळ्याचे. कोडॅकच्या ब्राइस बायर यांनी सत्तरच्या दशकात काढलेली ही मांडणी आहे. अशा जाळीत हळद पाहिली तर लाल आणि हिरव्या गाळणीचे बिंदू उजळलेले आणि निळ्याचे जवळजवळ काळे, असा बुद्धिबळाच्या पटासारखा ठिपकेदार पृष्ठभाग दिसतो. त्यातून रंग भरून काढणे, उजेड किती घ्यायचा ते ठरवणे, ट्यूबलाइटखाली पांढरे पांढरेच राहील असा तोल साधणे, हे सगळे पूर्वी वेबकॅमच्या आतली छोटी चिप करत असे. आता ते बाहेर आले आहे. इंटेलच्या या नव्या जोडणीतली जाळी आत घेणारा ड्रायव्हर २०२४ मध्ये ६.१० या आवृत्तीत कर्नलमध्ये आला, आणि तो तेवढेच करतो. पुढचे काम ‘लिबकॅमेरा’ या २०१८ मध्ये जाहीर झालेल्या प्रकल्पाकडे आहे, ज्याच्या उभारणीत यूव्हीसी ड्रायव्हरचे पिंशार आघाडीवर आहेत. त्यातला, सगळी प्रक्रिया साध्या प्रोसेसरवर करणारा भाग घडवणाऱ्यांमध्ये लिबव्हीफोरएलचे द खूडेही होते. यावेळी ‘पाइपवायर’ या चित्र-ध्वनी प्रोग्रॅमांपर्यंत पोचवणाऱ्या लिनक्समधल्या सेवेमार्फत ब्राउझरही याच वाटेने कॅमेरा घेऊ लागले आहेत, म्हणजे तिसऱ्या कामाकडेही कोणीतरी लक्ष दिले आहे.

प्रोग्रॅम लिहिणाऱ्या त्या मुलाने यंदा असाच एक लॅपटॉप घेतला आणि तो घेऊन दुकानात आला. कॅमेऱ्यांची यादी काढली तर एका कॅमेऱ्यापोटी कितीतरी नोंदी निघाल्या, आणि त्यांतल्या एकीकडेही थेट मागितले तर दाखवण्याजोगे चित्र मिळत नव्हते. लिबकॅमेराच्या वाटेने गेल्यावर चित्र आले. हळद पिवळी होती, थोडी फिकट होती, कारण त्या सेन्सरच्या रंगांचे मोजमाप करून तयार केलेली फाईल अजून त्या लायब्ररीत नव्हती. आप्पांनी खरे हळकुंड पडद्याशेजारी धरून दोन्ही रंग ताडून पाहिले आणि नमुना दाखवण्यासाठी सध्या जुनाच वेबकॅम ठेवायला सांगितले. त्या मुलाने रंगांच्या चौकटींचा तक्ता मागवला आहे, आणि सेन्सरचे मोजमाप घेऊन ती फाईल आपणच तयार करता येते का, हे तो दुपारच्या मोकळ्या वेळात पाहत असतो.